आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण माणसांच्या बुद्धीविषयी वापरतो. संगणकाच्या प्रोग्रॅमला ती अक्षरशः लागू पडते, याचा प्रत्यय बडोद्यातील मराठी कुटुंबांची सूची संकेतस्थळावर आणण्याच्या कामी आम्हांस आला.

संगणकातील माहिती बहुधा डब्यात डबा ठेवावा तशी रचलेली असते. सदस्य हा बाहेरचा डबा; त्यात मूळ गाव, त्यात तालुका, त्यात जिल्हा. जिल्हा हवा असेल तर प्रोग्रॅम एकेक झाकण उघडीत आत जातो. मधला एखादा डबा मुळातच नसला, तर तो तेथेच अडतो आणि सारे पान कोरे पडते. या अभावास ‘नल’ म्हणतात. जावास्क्रिप्टमधील ‘अनडिफाइन्ड’ हा त्याचाच भाऊबंद. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत ही सोय केली आणि २००९ साली तिलाच आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले.

आमच्या हाती आलेला प्रोग्रॅम प्रत्येक मराठी घराण्याला महाराष्ट्रात एक गाव असणारच, असे गृहीत धरून लिहिलेला होता. परंतु गायकवाडांच्या काळात इकडे आलेल्या कित्येक घराण्यांना आपले गाव आज ठाऊक नाही. त्यामुळे ज्यांची वस्ती येथे सर्वांत जुनी, नेमकी त्यांचीच पाने उघडेनात!

अशा वेळी प्रथम रिकामी जागा शोधावी लागते. येथे एक चकवा आहे. त्रुटीच्या संदेशात नाव येते ते आतल्या डब्याचे; नसतो तो मात्र त्याच्या बाहेरचा. ‘जिल्हा वाचता येत नाही’ एवढे पाहून नवशिका जिल्ह्याच्या मागे लागतो. हरवलेला असतो तालुका. म्हणून बाहेरून आत एकेक पायरी तपासीत जावे. पूर्वी हीच तपासणी प्रोग्रॅममध्येही पायरीगणिक लिहावी लागे. २०२० सालापासून जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह व टिंब जोडून लिहिले की काम भागते: डबा असेल तर आत जा, नसेल तर मुकाट्याने परत फिर.

हा मुकाटपणाच जपून वापरावा, असे आमचे मत झाले. प्रत्येक टिंबामागे प्रश्नचिन्ह लावले तर पान उघडते खरे. पण खरोखर गहाळ झालेली माहितीही त्याखाली झाकली जाते. मूळ गाव नसणे शक्य आहे. सदस्यच नसणे शक्य नाही. तेथे प्रोग्रॅमने अडखळून ओरडावे, हेच इष्ट.

रिकाम्या जागी काय दाखवावे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी दोन उभ्या रेघांची जुनी युक्ती प्रचलित आहे. पण ती शून्यालाही अभावच समजते. अपत्यांच्या रकान्यात ० लिहिणाऱ्या एका वृद्ध दांपत्याच्या पानावर तिने ‘माहिती दिली नाही’ असे छापले. वास्तविक त्यांनी माहिती दिली होती, आणि ती देणे त्यांना सोपे गेले नसावे. दोन प्रश्नचिन्हांची नवी खूण केवळ नल व अनडिफाइन्ड यांनाच अभाव मानते. शून्यास हात लावीत नाही. आम्ही ती योजली आणि त्यांचे उत्तर जसेच्या तसे उमटले.

मूळ गावापाशी मात्र कोणतीच खूण पुरी पडेना. ‘रिकाम्या जागी पुणे घाला, म्हणजे कटकट मिटेल,’ असे एका हितचिंतकांनी सुचविले. कटकट मिटली असती; पण पुढच्या पिढीने ते पुणे खरे मानले असते. तेव्हा आम्ही घरोघर विचारणा केली. कोणी म्हणाले, ठाऊक नाही. कोणाला कधी विचारलेच गेले नव्हते. एक आजीबाई ठासून म्हणाल्या, “दुसरं गाव कशाला? बडोदं हेच आमचं गाव!” एका रिकाम्या रकान्यामागे हे तीन निरनिराळे अर्थ होते. आता प्रोग्रॅम ते निरनिराळे लिहितो, आणि माहिती आत घेतानाच विचारून घेतो.

चिन्हे पान कोसळू देत नाहीत, हा त्यांचा उपकार मोठाच. परंतु ‘नाही’ म्हणजे नेमके काय नाही, हे माणसाने माणसास विचारल्यावाचून कोणत्याही यंत्रास कळावयाचे नाही.