कस्रच्या वाटेवर दोन रकात

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत एकतरी माणूस दर्यावर असतो. आमचा धाकटा दीर एका प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. "भाभी, घरच्यांना तिकिटात सवलत मिळते, एकदा दोघे याच," असा त्याचा दोन वर्षे तगादा होता. अखेर मुलांना नानीकडे ठेवून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. त्या सफरीत इटलीच्या सिसिली बेटावरचे पालेर्मो शहर होते. जहाज सकाळी लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. "साडेचारच्या आत या. जहाज कुणासाठी थांबत नाही," दिराने बजावले.

इटली म्हटले की लोकांना रोम आणि व्हेनिस आठवते. आम्हाला ओढ होती ती पालेर्मोची. आम्ही दोघेही शिक्षक. हे भूगोल शिकवतात, उर्दू आणि मराठी आमच्याकडे. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांनी ८३१ मध्ये हे शहर घेतले आणि १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी ते जिंकेपर्यंत, म्हणजे सुमारे २४० वर्षे, इथे मुस्लिम राज्य होते. दहाव्या शतकात आलेल्या इब्न हौकल या अरब प्रवाशाने इथल्या मशिदींची संख्या तीनशेच्या घरात सांगितली आहे. शाळामास्तरही जवळजवळ तितकेच होते असे लिहून त्याने त्यांच्या अकलेची भरपूर टर उडवली आहे. "आपल्या पेशाची कीर्ती बरीच जुनी आहे," हे हसत म्हणाले.

बंदरातून पायीच निघालो. जुन्या शहराच्या मधून एक सरळ रस्ता वर चढत जातो. पाटीवर इटलीच्या राजाचे नाव आहे, पण लोक त्याला 'कास्सारो' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल-कस्र'वरून आला. कस्र म्हणजे राजवाडा. रस्त्याच्या वरच्या टोकाला राजवाडा आहे, त्याच्या अलीकडे कॅथेड्रल, म्हणजे शहराचे मोठे चर्च.

आम्हाला पाहायचा होता तो कॅथेड्रलच्या दक्षिण दाराचा एक खांब. कमानीखालच्या डावीकडच्या खांबावर अरबी अक्षरे कोरलेली आहेत. सूरह अल-आराफची ५४ वी आयत, जमीन-आस्मानाच्या निर्मितीची. लिपी जुन्या वळणाची, दगड झिजलेला. एकेक अक्षर जुळवत वाचू लागलो. आयत तोंडपाठ होती, तरी डोळ्यांना वेळ लागला. मग एकदम ओळ उलगडली आणि गळा दाटून आला. आजूबाजूला फोटो काढणाऱ्यांची गर्दी, आणि आम्ही एका चर्चच्या दारात कुरआन वाचत उभे!

"इथे आपली जामा मशीद होती," आम्ही म्हणालो. आवाजात अभिमान होता आणि थोडी तक्रारही.

हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि मशिदीच्या आधी?"

उत्तर आम्हालाही ठाऊक होते. आधी इथे चर्चच होते. मुसलमानांनी शहर घेतल्यावर त्याची मशीद झाली, नॉर्मन आल्यावर मशिदीचे पुन्हा चर्च झाले, आणि ११८५ पासून आजची इमारत उभी राहू लागली. जो जिंकला त्याने घेतले. आपल्या लोकांनी घेतले तेव्हाही कुणीतरी असेच दारात उभे राहून रडले असेल. ही गोष्ट आम्ही वर्गात कधी सांगितली नव्हती.

राजवाड्यातले राजा रॉजर दुसरा याचे प्रार्थनामंदिर पाहिले. भिंतींवर सोनेरी तुकड्यांत येशूची चित्रे आहेत आणि वर लाकडी छत मधाच्या पोळ्यासारखे कोरलेले. त्या छतावर कूफी लिपीत राजासाठी शुभेच्छा लिहिल्या आहेत. याच राजाच्या दरबारात अल-इद्रीसी या मुस्लिम विद्वानाने ११५४ मध्ये जगाचे नकाशे आणि वर्णन असलेला ग्रंथ पुरा केला. त्या नकाशांत दक्षिण दिशा वर असते. भूगोलाच्या मास्तरांचा पाय तिथून निघेना. बाहेर ११४२ च्या पाणघड्याळाचा शिलालेख आहे, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत.

पण हा शेजार फार टिकला नाही. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीतल्या मुसलमानांना उचलून मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी नेऊन वसवले. १३०० मध्ये ती वस्तीही मोडली. लहानपण पालेर्मोत काढलेल्या, अरबी जाणणाऱ्या राजाच्या हातून हे घडले. भाषा येते म्हणून माणूस आपला होतोच असे नाही.

भूक लागली तेव्हा बाल्लारो बाजारात शिरलो. मांसाच्या पदार्थांना हात लावायचा नव्हता. एका गाडीवर हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालून देत होते. तिथे त्याला 'पानेल्ले' म्हणतात. कढईत दुसरे काही तळत नाही ना, हे खुणांनी विचारून घेतले. वर लिंबू पिळून खाल्ले. वडापावचा हा लांबचा भाऊच!

जुहरसाठी कास्सारोच्या शेजारच्या चेल्सो गल्लीत गेलो. तिथली मशीद पूर्वी माळी लोकांचे चर्च होती. वापरात न राहिलेली ती इमारत गेल्या शतकाच्या अखेरीस मुसलमानांना नमाजासाठी देण्यात आली. त्यासाठी कुणी फौज आणली नाही, कुणी दार फोडले नाही. सकाळपासून 'घेतले, घेतले' हेच वाचत होतो. इथे पहिल्यांदा 'दिले' हा शब्द भेटला.

जमात होऊन गेली होती. दारात एक बांगलादेशी भाई भेटले. सलाम करून त्यांनी हिंदीत विचारले, "कहाँ से?" वुजूची जागा दाखवली. आम्ही मुसाफिर, म्हणून चारऐवजी दोनच रकात अदा केल्या. बाहेर पडताना लक्षात आले, या सवलतीलाही 'कस्र'च म्हणतात. अरबीत दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहितात. राजवाडाही कस्र आणि मुसाफिराची आखूड नमाजही कस्र. त्या रस्त्याचे राजे बदलत गेले. आमच्या वाट्याला दुसरा कस्र आला, आणि तो पुरेसा वाटला.

चार वाजून वीस मिनिटांनी धापा टाकत बंदरावर पोहोचलो. शिडीपाशी दीर घड्याळाकडे बघत उभा होता. "काय आणलंत भाभी?"

पिशवीत चार लिंबे होती आणि मुलांसाठी बदामाची मिठाई. बाकीचे जून महिन्यात वर्गात सांगणार आहोत, इन्शाअल्लाह. खांबाची गोष्ट सांगू, पण यावेळी ती 'आधी काय होते' इथपासून सुरू करू आणि चेल्सो गल्लीपर्यंत आणू.