सूत्रसंचालकाची खुर्ची

सन २०२० च्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हांला एक खुर्ची देऊ केली. खुर्ची लाकडाची नव्हती, संगणकाच्या पडद्यावरची होती. टाळेबंदीमुळे हिंजवडीची कचेरी बंद, म्हणून हा अभियंता नाशिकला आईवडिलांकडे परतला होता. जुन्या संगणकांचा त्याला मोठा नाद. "फादर, मिस्सा आपण मोबाइलवर दाखवतो, पण लोकांनी बोलायचं कुठे?" असे त्याने विचारले. त्यावर त्याने शोधलेले उत्तर मात्र अमेरिकेच्या अडगळीतले होते.

नोव्हेंबर १९८५ मध्ये तिकडे 'क्वांटम लिंक' नावाची सेवा सुरू झाली. घरचा कमोडोर ६४ संगणक टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि दूरदूरच्या माणसांशी अक्षरे टंकून गप्पा मारायच्या. १९९१ मध्ये याच कंपनीने 'अमेरिका ऑनलाइन' हे नाव घेतले. तिच्या गप्पांच्या एका खोलीत २३ माणसेच मावत. कायदेपंडित लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ च्या आपल्या 'कोड' या ग्रंथात या आकड्याकडे बोट दाखविले आहे. तो कोणत्या कायद्याने ठरविला नव्हता, आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ठरविला होता.

मोठा पाहुणा यायचा असेल तर खोली पुरत नसे, सभागृह उघडावे लागे. तेथे पाहुणा मंचावर असे. श्रोत्याने टंकलेला प्रश्न थेट सभेत उमटत नसे, तो सूत्रसंचालकापुढे जाऊन पडे. तो निवडील तेवढेच प्रश्न सर्वांना दिसत. श्रोत्यांच्या मात्र लहान लहान रांगा पाडलेल्या असत. शेजाऱ्यांशी केलेली कुजबुज त्या रांगेपुरतीच राही, मंचाला तिचा पत्ता नसे.

मूळ क्वांटम लिंक पुढे बंद पडली, परंतु २००५ मध्ये काही हौशी मंडळींनी तिची संदेशांची भाषा उलगडून ती इंटरनेटवर पुन्हा उभी केली. जुनी आज्ञावली तीच, फक्त पलीकडे टेलिफोनची तार नाही. (अमेरिका ऑनलाइनची टेलिफोनवरून जोडणारी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. आमच्या तरुणाने ती बातमी एखाद्या नातलगाच्या निधनासारखी कळविली.) या हौशी मंडळींचे पाहूनच त्याला सभागृहाची प्रतिकृती करण्याची ऊर्मी आली. त्याने मंच केला, आठ-आठ जणांच्या रांगा केल्या, आणि प्रश्नांसमोर दोन कळा ठेवल्या: 'पुढे पाठवा' आणि 'राखून ठेवा'.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या वेळी आम्ही सेमिनरीत होतो, आणि व्याख्यानानंतरचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून देण्याचा तेथे प्रघात होता. अध्यक्षस्थानी बसलेले प्राध्यापक काही चिठ्ठ्या वाचीत, काही नुसत्या पाहून झग्याच्या खिशात घालीत. त्या खिशावर आम्ही विद्यार्थी रात्रीच्या भोजनानंतर बरेच कडवट विनोद केलेले आहेत.

सभेची संध्याकाळ ठरली. साठेक घरे जोडली गेली. पहिला अर्धा तास मंचावर आमच्यातलेच एक डॉक्टर होते. ऑक्सिजन कसा मोजावा, वाफ कितपत उपयोगी, असे प्रश्न आम्ही भराभर पुढे पाठविले आणि कौतुकास पात्र झालो. नंतर धर्मग्रामाच्या कामाविषयी आमच्याशीच प्रश्नोत्तरे व्हायची होती. "फादर, मंच आणि खुर्ची एकाच माणसाकडे नको," असे त्या पोराने आधी सुचविले होते. आम्ही ते हसण्यावारी नेले होते.

तिसराच प्रश्न आला: "धान्याच्या यादीत नावे कोणी घातली? आमच्या गल्लीतली तीन भाडेकरू घरे का वगळली?"

आम्ही 'राखून ठेवा' दाबले.

कारणे आमच्याजवळ तयार होती. प्रश्नाखाली खरे नाव नव्हते. भाषा तिखट होती. यादी साथीच्या धामधुमीत चार जणांनी एका रात्रीत केली होती. यांतले एकही कारण खोटे नव्हते आणि एकही खरे नव्हते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली, कुटुंबांच्या नोंदवहीत नाव न चढविलेली ती घरे यादीतून आम्हीच आमच्या हाताने खोडली होती. पोती मोजकी होती, कोठेतरी रेघ ओढणे भाग होते, आणि नोंदवही हाताशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजींचा फोन आला.

"फादर, काल आमच्या रांगेत आम्ही आठ जण वाट बघत बसलो होतो."

"कसली वाट, आजी?"

"तो धान्याचा प्रश्न वर येतो का, त्याची. बाकीच्यांचे आले. तुम्ही दमला असाल." एवढे बोलून त्यांनी आमच्या रक्तदाबाची चौकशी केली.

त्यांनी रागे भरले असते तर आम्हांला उत्तर देता आले असते. मंचावरून न दिसणाऱ्या त्या रांगेत आठ माणसे रात्रभर काय समजून बसली असतील, या विचाराने आम्हांला न्याहरी गोड लागली नाही. दुपारी तोंडाला कापड बांधून त्या तरुणासह आम्ही गल्लीत गेलो. तीन नव्हे, पाच घरे निघाली. एका घरात तान्हे मूल होते आणि कर्त्या पुरुषाचा पगार एप्रिलपासून थांबलेला होता. त्या बाईने आम्हांला पाणी विचारले. धान्याविषयी ती काही बोलली नाही.

पोती संध्याकाळी पोहोचली. पुढच्या सभेत खुर्ची एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. राखून ठेवलेले सारे प्रश्न सभेच्या शेवटी सर्वांना दिसावेत, अशीही सोय आम्ही करून मागितली. यावर आमचा तरुण कुरकुरला. मूळ सभागृहात तसे नव्हते, आणि प्रतिकृती म्हणजे प्रतिकृती, असे त्याचे म्हणणे. दोन रात्री जागून त्याने ती सोय केली खरी, पण "हे आता अमेरिका ऑनलाइनचं राहिलं नाही" असे बजावूनच. पहिल्या यादीत अगदी वर आम्ही अडविलेला प्रश्न होता. त्याखाली आम्ही आमच्या नावाने उत्तर टंकले. एका बोटाने टंकीत असल्यामुळे पुष्कळ वेळ लागला. साठ घरे थांबून राहिली.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली आणि ते सभागृह ओस पडले. आता सभा चर्चशेजारच्या दालनात भरते आणि प्रश्न पुन्हा चिठ्ठ्यांवर येतात. त्या शिक्षिकाच त्या वाचतात. परवा एक चिठ्ठी उघडून त्या क्षणभर थांबल्या, चष्मा सावरला आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे पाहू लागलो. त्यांनी ती वाचली.