राखणदाराला आवरायचं कुणी?

तुमच्यावर कधी सासूबाईंनी चोरीचा आळ घेतलाय का हो? माझ्यावर घेतला. "माझो आडाळो खय लपवलंस गो?" मालवणच्या आमच्या मागीलदारी त्या ओरडल्या, तेव्हा शेजारीण कपडे वाळत घालत होती. आडाळो त्यांच्याच पायाशी होता. मी दोन दिवस अबोला धरला. पुढं डॉक्टरांनी 'अल्झायमर' म्हटलं, नि त्या अबोल्याची लाज वाटली.

मी बी.ए. मराठीची, शाळेत अर्धवेळ शिकवते. विज्ञान माझा प्रांत नव्हे, पण हे दुखणं येतं कुठून ते कळल्याशिवाय चैन पडेना. विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतलं.

आपल्याकडं गावाला राखणदार असतो ना, तशा मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. जंतू शिरला की धावायचं, घाण गिळायची. त्या धुमाळीत दाह होतोच. माणसाच्या लाखो वर्षांच्या वाटचालीत जंतू, जंत, जखमा पाचवीलाच पुजलेल्या. ज्याचा राखणदार जागता, त्याची पोरंबाळं तगली. ऐंशीव्या वर्षी त्याच राखणदाराचं काय होईल, याची फिकीर निसर्गाला नव्हती. तोवर नातवंडं झालेली!

१९०६ साली जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी या आजाराची पहिली रुग्ण जगापुढं मांडली. तिच्या मेंदूत पुटं साचलेली होती. ती अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची. राखणदार त्यांच्यावर तुटून पडतो, पुटं हटत नाहीत, आणि रोजच्या झटापटीत घरातलीच भांडी फुटतात. म्हणजे चांगल्या पेशी मरतात. गंमत अशी, की २०१० साली अमेरिकेत रॉबर्ट म्वार आणि रुडॉल्फ टांझी यांच्या चमूला प्रयोगशाळेत हेच अमायलॉइड जंतू मारताना आढळलं. तेही मूळचं पहारेकरीच असेल का? सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. मला मात्र पटावंसं वाटतं. सासूबाईंनीही जन्मभर आमचं घर असंच राखलं, कुंपणाशी कुत्रं आलं तरी काठी घेऊन धावायच्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. गेल्या पावसाळ्यात त्या एका रात्रीत पार भ्रमिष्टासारखं करू लागल्या. आजार वाढला म्हणून मी गप्प बसणार होते. निघाला लघवीचा संसर्ग! औषधानं आठवड्यात पुष्कळ सावरल्या. म्हाताऱ्या माणसात असा एकाएकी बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

आडाळो अजून रोज हरवतो. परवा मी तो हातात दिला.

"तुका गावलो?"

"होय, गावलो," म्हटलं.