पडद्यावरचे ३०० आणि आपले ५००



वर्ध्यात '३००' सिनेमा पाहताना आम्हीही शिट्ट्या मारल्या. नंतर वाचलं, थर्मोपायलीच्या लढाईत स्पार्टाचे गुलाम हेलॉटही मेले होते. हिरोडोटसने त्यांची नोंद केली, सिनेमाने त्यांना गाळलं. करमणुकीत आधी गुलामच गाळला जातो.

पण आम्ही काय करतो? '५०० महारांनी २८ हजार पेशवे कापले' असं भाषणात ठोकतो. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात पेशव्यांची सगळी फौज लढली नव्हती. कंपनीच्या तुकडीत इतर जातींचेही शिपाई होते. मात्र विजयस्तंभावर 'नाक' प्रत्ययाची २२ नावं दगडात कोरलेली आहेत. १९२७ ला बाबासाहेब त्याच स्तंभापुढे उभे राहिले. एवढं सत्य पुरेसं आहे. फुगवलेला आकडा पकडून विरोधक ती नावंही खोटी ठरवतील. यंदा वर्ध्याहून गेलो की घोषणेआधी आम्ही ती नावं वाचू.