एकटीचा लांबचा रस्ता

नागपूर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचा प्रवास सुमारे १,७०० किलोमीटरचा. स्कूटरवरून एकटीने निघायचं, तर काटकसर घरूनच सुरू होते. सामान बेताचं, सोबत दशम्या आणि कोरडी चटणी. दुचाकीला टोल नाही, ही पहिली बचत. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि चाकात हवा फुकट मिळते. बाटली तिथेच भरावी. पहाटे निघून ऊन तापण्याआधी निम्मा पल्ला गाठावा.

वाटेत पैनगंगा, गोदावरी, कृष्णा आणि तुंगभद्रा लागतात. नद्यांबरोबर ताटही बदलतं. दक्षिणेत 'मील्स' मागितलं, की भात-सांबार पुन्हा पुन्हा वाढतात. मग रात्री दोन दशम्या पुरतात. एकटीने जेवायला थांबताना जिथे बायका-मुलं बसलेली दिसतील, तोच धाबा निवडावा.

एकाच बाबतीत हात आखडू नये. दिवस मावळण्याआधी भरवस्तीतली, आतून नीट कडी लागणारी खोली घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. बाकी वाचलेल्या पैशांत कन्याकुमारीचा मुक्काम एका दिवसाने वाढवता येतो. तिथला सूर्योदय पाहायला तिकीट लागत नाही.