वळचणीचा नांगर

आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक जुना लोखंडी नांगर उभा आहे. परवा मुलगा म्हणाला, "ट्रॅक्टर आला, आता हा मोडीत घालू या का?" मी त्याला जवळ बसवून लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली.

२० जून १८६९चा त्यांचा जन्म. बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी लोखंडी नांगर घडविला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, ही तेव्हाची समजूत! दोन वर्षे नांगर खपेनात. आमचे आजोबाही पुष्कळ दिवस लाकडी नांगरच धरून बसले होते. लक्ष्मणरावांनी मात्र धीर सोडला नाही.

पुढे बेळगावची जागा सुटली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. तिथे वस्ती निवडुंगाची आणि नागांची! १९१० साली पत्नी राधाबाई, मुलेबाळे आणि कामगारांची कुटुंबे घेऊन ते त्या माळावर गेले अन् किर्लोस्करवाडी वसवली. तिथे शिवाशिव पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्यांवर रात्रीची राखण सोपविली. उतारवयात कारभार मुलांच्या हाती दिला. २६ सप्टेंबर १९५६ला ते गेले, तेव्हा एका मोठ्या कुटुंबाचा कर्ता गेला.

मुलगा काही बोलला नाही. संध्याकाळी पाहते, तर नांगर पुसून त्याला तेल लावत बसला होता.

तुमच्याही वळचणीला असा नांगर असेल. मोडीत घालण्याआधी मुलांना एवढे जरूर सांगा.