आधी शांतता ऐका

आमच्या उज्जैनमध्ये आवाजाला तोटा नाही. महाकालाची सवारी निघाली की ढोल-झांजा, लग्नसराईत वराती, निवडणुकीत रिक्षावरचे कर्णे आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ. तेव्हा तर क्षिप्रेच्या घाटांवर खांबाखांबाला भोंगे. त्यामुळे गावात 'ॲम्प्लिफायर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मंडपवाल्याची पेटी येते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी फ्रीगंजमधल्या एका दुकानात जुना ॲम्प्लिफायर मागितला, तर मालकाने विचारलं, "कितने आदमी का प्रोग्राम है?"

"एक," मी म्हटलं. "माझी आजी."

आजी एक्क्याऐंशी वर्षांची. आजोबांनी जमवलेल्या चाळीसेक एलपी लोखंडी कपाटात आहेत, त्यातल्या निम्म्या कुमार गंधर्वांच्या. कुमारजी क्षयाने आजारी असताना 1948 साली माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. देवास आमच्यापासून जेमतेम तासाभरावर. आमच्या घरात ते 'शेजारचे' गायक. आजोबा गेले, त्याआधीच त्यांचा ॲम्प्लिफायर गेला होता. टर्नटेबल तेवढं चालू होतं. आणि आता आजीचे कान उतरणीला लागलेत. डॉक्टरांनी सांगितलं, आधी वरचे, बारीक सूर जातात, मग बाकीचे. म्हणजे ऐकायचं असेल तर आत्ताच. शिष्यवृत्तीतले साठवलेले दहा हजार रुपये माझ्याजवळ होते. त्यातच सगळं बसवायचं होतं.

नवीन घ्यायचं तर एवढ्या पैशात दिवे लुकलुकणारे डबे मिळतात, ज्यांच्यावर हजारो वॅट छापलेले असतात. ते 'पीएमपीओ' वॅट. त्यांचा खऱ्या ताकदीशी फारसा संबंध नसतो. विचारायचे ते आरएमएस वॅट. आणि तेही फार लागत नाहीत. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दसपट ताकद लागते. साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 87 डेसिबलच्या आसपास वाजतो. आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत एवढा आवाज केला तर शेजारचे काका दार वाजवतील! 1978 साली आलेला एनएडी 3020 नावाचा ॲम्प्लिफायर जगभर गाजला, त्याची कागदावरची ताकद होती फक्त वीस वॅट.

म्हणून जुन्याकडे वळले. आपल्याकडे सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज, फिलिप्स अशा नावांच्या पेट्या अजून घराघरांत माळ्यावर पडून आहेत. पण घ्यायची कशी? इथे मला एक म्हातारे मेकॅनिक भेटले. गोपाल मंदिराच्या मागच्या गल्लीत, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं दुकान. मी उत्साहाने मोबाईल जोडून गाणं लावायला गेले, तर त्यांनी हात धरला. "आवाज बाद में सुनना बेटा, पेले चुप्पी सुनो."

चुप्पी ऐकायची म्हणजे असं. काहीही न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ॲम्प्लिफायर चालू करायचा आणि कान स्पीकरला लावायचा. काहीच नाही, तर उत्तम. हलकीशी 'सूंऽऽ' असेल, तर चालतं. पण जाड 'हूंऽऽ' आली की समजायचं, आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर सुकलेत. ते बदलता येतात, पण किंमत ठरवताना तो खर्च धरायचा. मग बटणं फिरवायची. खरखर आली तर घाबरायचं नाही, ती बहुतेक वेळा नुसती धूळ असते आणि क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून डावा-उजवा सारखा वाजतो का पाहायचं. मल्टीमीटर असेल तर स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजायचा. 50 मिलिव्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर स्पीकर जळू शकतो. शेवटी अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा, कारण काही दोष पेटी तापल्यावरच उघडे पडतात.

आणखी दोन गोष्टी त्यांनी शिकवल्या. परदेशातून कुणी आणलेली पेटी असेल तर मागची पाटी वाचायची. 100 किंवा 110 व्होल्टची असली तर आपल्या 230 वर लावताच खेळ खलास. आणि झाकण उघडून बघायचं. आत 2एन3055सारखे धातूचे, कुठेही मिळणारे ट्रान्झिस्टर असले तर दुरुस्ती सोपी. सगळं काम एकाच बंद मोड्यूलवर चालत असेल, तर तसा अस्सल भाग आता मिळणं कठीण.

प्रीॲम्पचा प्रश्न वेगळा. ॲम्प्लिफायरची दोन कामं असतात: आधी नाजूक सिग्नल सावरून घ्यायचा, मग त्याला स्पीकर हलवण्याइतकं बळ द्यायचं. पहिलं काम प्रीॲम्पचं. सीडी प्लेअरमधून दोन व्होल्टपर्यंत सिग्नल येतो. आजोबांच्या टर्नटेबलच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येतो पाचेक मिलिव्होल्ट, म्हणजे चारशेपट कमी. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. 1954 च्या सुमारास ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार ते परत उलटवावे लागतात. म्हणून पेटीच्या मागे 'फोनो' लिहिलेलं छिद्र आहे का, हे आधी पाहायचं. नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यायला लागतो. जुन्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा सिग्नल जोरकस, त्याला हे लागत नाही.

शेवटी दोन पेट्या उरल्या. एक देखणी, फक्त व्हॉल्यूमचं बटण असलेली. दुसरी जुनी देशी, लाकडी बाजूंची, फोनो असलेली, बास-ट्रेबलची बटणं असलेली. पुण्याचा माझा चुलतभाऊ या विषयातला जाणकार. फोनवर म्हणाला, "टोन कंट्रोल म्हणजे गाण्यात ढवळाढवळ. कलाकाराने जसं गायलं तसंच ऐकावं."

तत्त्व म्हणून त्याचं चूक नाही. पण मी विचार केला, 'जसं गायलं तसं' कुणाच्या कानाला? सूर स्पीकरपाशी संपत नाही, ऐकणाऱ्यापाशी संपतो. आजीच्या कानाने वरचे सूर आधीच कापलेत. तिच्या कानातलं मशीन माणसांचं बोलणं कळावं म्हणून बसवलेलं. गाणं लावलं की ती ते काढून ठेवते. ज्या बटणाला दादा ढवळाढवळ म्हणतो, त्याच्यामुळे तिला थोडं तरी परत मिळणार असेल, तर तेच प्रामाणिक ऐकणं नाही का?

"दादा, तुझे कान चांगले आहेत म्हणून तुला बटण नकोय," मी म्हटलं. तो हसला, आणि मग चांगली सुई कुठे मिळेल ते त्यानेच शोधून दिलं.

लाकडी पेटी साडेचार हजारांना पडली, कपॅसिटर बदलायला सातशे, जुन्या स्पीकरची जोडी तीन हजार, सुई बाराशे. सहाशे रुपये उरले, त्यात रेकॉर्ड पुसायचा ब्रश आला.

मेकॅनिकचाचांची 'चुप्पी' मला कळली ती कुमारजींची रेकॉर्ड लावल्यावर. ते स्वर अचानक उंच फेकतात आणि तितक्याच अचानक मागे घेतात. त्या मधल्या रिकाम्या जागेत तानपुरे बोलत असतात, आणि ते त्यांनी किती जपून लावलेले असायचे हे जाणकार अजून सांगतात. पेटी स्वतःच 'हूंऽऽ' करत असेल तर ती जागा बुजून जाते. मंडपाचा ॲम्प्लिफायर गर्दीवर मात करण्यासाठी असतो. घरातल्याने बाजूला व्हायचं असतं.

आजीने ट्रेबलचं बटण स्वतः फिरवलं. थोडं, आणखी थोडं. एका जागी थांबली आणि म्हणाली, "जवारी ऐकू येतेय गं." मग देवघरातली कुंकवाची डबी मागवली आणि पेटीवर, बटणाचा काटा होता तिथे, बोटाने एक ठिपका लावला.

घरात सगळ्यांना सक्त ताकीद आहे, तो ठिपका पुसायचा नाही. दर सुट्टीत घरी गेले की मी मात्र आधी काटा बघते. या वेळी तो ठिपक्याच्या जरा पुढे सरकलेला होता. बटण अजून पुढे जायला बरीच जागा आहे.